सरावाचा पट्टा घेताना जोड बघा : सांगलीत बनलेल्या मर्दानी संचाची पारख

मर्दानी खेळाच्या सरावासाठी घेतलेल्या या संचातले पट्टे, म्हणजे दांडपट्टे, चांगले आहेत, लाठ्या उत्तम आहेत, फरी-गदक्याचं, म्हणजे छोट्या ढालीचं आणि तिच्याबरोबरच्या वेताच्या काठीचं, आवरण बदलून मागावं, आणि तलवार सरावासाठी घेऊ नये. थोडक्यात निकाल हाच. पण पट्टा चांगला का आणि तलवार का नको, हे समजून घेतलं तर पुढची खरेदी कुठूनही केलीत तरी फसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

संच असा : सहा पट्टे, वीस लाठ्या, फरी-गदक्याच्या चार जोड्या, दोन विटे (दोरी लावलेले फेकायचे भाले) आणि दोन तलवारी. सांगली आणि मिरजेच्या मधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ऑर्डर देऊन बनवलेला. तयार माल तिथे टांगलेला नसतो. हाताची मापं द्यावी लागतात, आणि चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. सगळी हत्यारं तालमीत रोजच्या सरावाला वापरली, मधे एक अख्खा पावसाळा गेला. खाली लिहिलेलं त्या वापरावरून आहे.

या भागात हत्याराचं काम नवं नाही. मिरजेचे तंबोरे आज जगभर जातात, पण ते घडवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, पाणी पाजणारे (पोलाद तापवून, थंड करून कडक करणारे). एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तेव्हा त्यांचे हात भोपळ्याकडे आणि तारांकडे वळले. आज सांगलीत पट्टा घडवायचा तर पोलाद ट्रकच्या कमानपाट्याच्या बाजारातून येतं, आणि पाणी पाजायचं काम कुपवाडच्या एमआयडीसीत भट्टीवाल्याकडून करून घेता येतं. हा फायदा मोठा आहे. गावातला लोहार डोळ्याच्या अंदाजानं पातं तापवतो, भट्टीत तापमान मोजून तापवतात. सहा पट्टे एकसारखे लवचीक हवे असतील तर अंदाज पुरत नाही.

आता पट्टा. २०२४ च्या फेब्रुवारीत दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून घोषित झाला. त्याचा मान वाढला याचा आनंदच आहे, पण शोभेचे पट्टेही बाजारात भरपूर दिसतात, आणि शोभेचा पट्टा पोराच्या हातात देणं धोक्याचं आहे. दोन्ही लांबून सारखेच दिसतात. फरक सगळा जोडात आहे.

पट्ट्याला मनगट नसतं. तलवार धरणारा मनगट वळवून वार हलका-जड करतो, पट्ट्यात हात कोपरापर्यंत खोबळ्यात, म्हणजे हातावर चढणाऱ्या पत्र्याच्या आवरणात, अडकलेला असतो. खांदा आणि कोपर यांचा सगळा जोर सरळ पात्याच्या मुळाशी येतो. त्यात पातं लवचीक, प्रत्येक फेकीला ते डावी-उजवीकडे झोके खातं, आणि प्रत्येक झोक्याला खोबळ्याच्या तोंडाशी एकाच जागी वाकतं. तार एकाच जागी वीस वेळा वाकवली की तुटते, तोच प्रकार. पट्टा तुटला तर तिथेच तुटतो, आणि तुटलेलं पातं पुढे उभ्या असलेल्या माणसाकडे जातं.

म्हणून पट्टा हातात घेतल्यावर आधी खोबळ्याचं तोंड बघा. या पट्ट्यांत पात्याची शेपटी खोबळ्यात ४ इंच आत गेली आहे. तोंडाच्या बाहेर दोन्ही बाजूंनी ५ इंच लांबीच्या आधारपट्ट्या बसवल्या आहेत. त्या मुळाशी जाड आणि पुढे निमुळत्या होत गेल्या आहेत, त्यामुळे पातं एका रेषेवर न वाकता पाच इंचात हळूहळू वाकतं. हे अगदी बरोबर केलं आहे. आधारपट्टी सरळ कापून टाकली, निमुळती केली नाही, तर तुटायची जागा फक्त पाच इंच पुढे सरकते, धोका तसाच राहतो.

पातं आणि आधारपट्ट्या चार रिव्हेटांनी जोडल्या आहेत, वेल्डिंगचा टाका कुठेही नाही. वेल्डिंग नको याचं कारण असं की पाणी पाजलेल्या पोलादाला टाका मारला की टाक्याच्या कडेला एक ठिसूळ पट्टा तयार होतो आणि त्याच्या पलीकडे पातं मऊ पडतं. ठिसूळ आणि मऊ यांच्या सीमेवर तडा जातो. बाजारातल्या स्वस्त पट्ट्यांत नेमकं हेच होतं, आणि वरून ग्राइंडर मारून पॉलिश केल्यामुळे टाका दिसत नाही. ओळखायचं असेल तर तोंडाजवळ बोट फिरवा. रिव्हेटचं डोकं हाताला लागत नसेल आणि पातं खोबळ्यातून उगवल्यासारखं गुळगुळीत दिसत असेल, तर तो पट्टा भिंतीवरच राहू द्या.

रिव्हेटचीही एक बाब आहे. भोक पाणी पाजायच्या आधी पाडावं लागतं आणि त्याची कड दोन्ही बाजूंनी किंचित मारावी लागते, नाहीतर ड्रिलनं राहिलेल्या बारीक ओरखड्यातून तडा सुरू होतो. सहांपैकी पाच पट्ट्यांत हे नीट केलं होतं. सहाव्यात पहिलं भोक तोंडाच्या फार जवळ पडलं होतं आणि दोन महिन्यांत त्या भोकापासून पात्याच्या कडेकडे केसासारखी रेघ दिसू लागली. वर्कशॉपनं पातं काढून नवं बसवून दिलं, पैसे घेतले नाहीत. दोष होता, पण तो वेळेत सापडला याचं कारण दर आठवड्याला रिव्हेटांभोवती रॉकेलचा बोळा फिरवून कोरड्या फडक्यानं पुसायची सवय. पुसल्यावर चिमूटभर खडूची पूड टाका. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल थोड्या वेळानं बाहेर येतं आणि पुडीत काळी रेघ उमटते. डोळ्याला न दिसणारा तडाही असा दिसतो.

पात्याचं माप : खोबळ्याबाहेर ३३ इंच, मुळाशी १ इंच रुंद, टोकाला पाऊण इंचाहून थोडं जास्त. जाडी मुळाशी १.२ मिलिमीटर, टोकाला ०.९. कड धारेची नाही, गोल केलेली. टोक अंगठ्याच्या नखाइतकं गोल. खोबळा २० गेजच्या पत्र्याचा, खालून उघडा. पूर्ण पट्ट्याचं वजन ८८० ग्रॅमच्या आसपास, आणि तोल खोबळ्याच्या तोंडाशी येतो. तोल तोंडाच्या चार बोटं पुढे गेला तर फेक संपताना हात ओढला जातो आणि नवख्याचा खांदा आठवड्यात धरतो. पट्टा एका बोटावर आडवा ठेवून पाहिलात तर हे दुकानातच कळतं.

पोलाद ईएन ४५, कमानपाट्याचं. ते साधारण ८५० ते ९०० अंशांना तापवून तेलात थंड करतात आणि मग पुन्हा मध्यम तापमानाला तापवून त्याचा ताठरपणा उतरवतात. ही दुसरी पायरी चुकली किंवा गाळली तर पातं काचेसारखं होतं. पारख करायच्या तीन साध्या रीती आहेत. कानस हलक्या हातानं शेपटीकडच्या भागावर ओढा : कानस घसरून गेली तर पातं फार कडक, लोण्यासारखी शिरली तर मऊ, कुरकुरत थोडंसं घासलं तर ठीक. मग टोक लाकडी फळीवर टेकवून पात्याला बाक द्या, मधला भाग सहा इंच बाहेर येईल एवढा, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. सोडल्यावर ते सरळ झालं पाहिजे. बाक राहिला तर मऊ. बाक गोलसर न येता एका जागी कोन झाला तर तिथे जाडी कमी आहे किंवा पाणी असमान बसलं आहे. तिसरी रीत कानाची : खोबळा धरून पात्यावर टिचकी मारा. स्वच्छ लांब नाद आला तर जोड घट्ट, झर्र असा आवाज आला तर कुठला तरी रिव्हेट सैल. बाकाची परीक्षा गॉगल लावून आणि आजूबाजूची पोरं लांब करूनच करावी.

खोबळ्याचं माप हाताचंच द्या, दुसऱ्याचं चालत नाही. आतल्या आडव्या मुठीपासून खोबळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर असं हवं की हात पूर्ण दुमडला तरी कड कोपराच्या वळीला लागू नये, मधे दोन बोटं जागा उरली पाहिजे. मोठा खोबळा घेतला की कड दंडावर आपटते, छोटा घेतला की पात्याचं वजन मनगटाच्या हाडावर येतं. वाढत्या वयाच्या पोरांसाठी वर्कशॉपनं आडव्या मुठीला दोन भोकांची सोय करून दिली, त्यामुळे मूठ पाऊण इंच पुढे-मागे बसवता येते. ही कल्पना फार उपयोगी ठरली. एकाच पट्ट्यावर दोन-तीन वर्षं निघतात.

आतली गादी मात्र कमी पडली. फोमवर मखमल चिकटवली होती. घामानं महिन्याभरात गोंद सुटला आणि फोम ओला राहिल्यामुळे पत्र्याला आतून गंज धरला. जाड सुती कापडाची चार पदरी गादी, कडेनं शिवलेली आणि दोन बंदांनी बांधलेली, असं करून घ्या. ती काढून धुता येते आणि उन्हात वाळते. ऑर्डर देतानाच सांगितलंत तर तेही तसंच करून देतात.

लाठ्यांबद्दल फार बोलावं लागत नाही, कारण त्या निवडणाऱ्याला बांबू कळतो. माणगा आहे, कोकणातून आणलेला. तो जवळजवळ भरीव असतो, काटे नसतात, आणि पेरं जवळ-जवळ येतात. लांबी ५ फूट ३ इंच, जाडी १ इंचाच्या वर एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), वजन ६५० ते ७५० ग्रॅम. मोठ्यांसाठी लाठी कानाच्या पाळीपर्यंत यावी असा साधा हिशोब धरा, त्यामुळे मुलांना साडेचार फुटी वेगळी मागावी. वीस लाठ्यांपैकी एकीलाही भुंगा लागलेला नाही. हिवाळ्यात तोडलेल्या बांबूत पिठूळ अंश कमी असतो, भुंग्याला खायला मिळत नाही. पावसाळ्यात तोडलेला बांबू स्वस्त मिळतो आणि सहा महिन्यांत त्यातून पिवळी भुकटी गळायला लागते. घेताना लाठी जमिनीवर उभी आपटा : भरीव, कोरडा टणत्कार हवा. फुटका, भदभद आवाज आला तर आत चीर आहे. डोळ्यासमोर आडवी धरून पाहा, बाक असेल तर निखाऱ्यावर शेकून सरळ करता येतो, पण चीर सांधता येत नाही.

दोन्ही टोकांना पितळेच्या शेंब्या आहेत, खिळ्यानं अडकवलेल्या. खिळा हा इथला कच्चा दुवा. बांबू उन्हाळ्यात आकसतो, शेंबी सैल होते, खिळा बाहेर येतो आणि फिरवताना तळव्याला ओरखडतो. खिळे काढून शेंबीखाली सुती दोऱ्याचे घट्ट वेढे घ्या, वर लाकडाचा गोंद, मग शेंबी ठोकून बसवा. वीस लाठ्यांना अर्धा दिवस लागतो. तेल महिन्यातून एकदा, जवसाचं, पातळ हात, आणि रात्रभर आडवी ठेवून सकाळी कोरडं पुसायचं. भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली लाठी पावसाळ्यात बाक घेते. आडवी ठेवा, तीन ठिकाणी आधार देऊन.

फरी-गदका हा या संचाचा सगळ्यात कमजोर भाग. गदक्याचा आतला वेत चांगला आहे, तीन फुटी, ताजा, वाकवला तर तडकत नाही. फरीचं माप ११ इंच, हेही योग्य. पण दोन्हींवर रेक्झिन आहे. गदका फरीवर बसला की रेक्झिनला आधी बारीक चिरा पडतात, मग त्यातून आतला कापूस बाहेर येतो, आणि कापूस निघाला की गदक्याचा फटका काठीसारखा लागतो. लढतीत स्पर्श मोजायचा असतो, हाड मोडायचं नसतं. गादी गेली की खेळच बदलतो. चार जोड्यांपैकी तीन जोड्या अशा गेल्या.

कातड्याचं आवरण मागा. कोल्हापूर जवळ आहे, चपलेचं कातडं मिळतं, आणि फरीला तेच हवं : झाडाच्या सालीनं कमावलेलं, कडक, ओलं करून साच्यावर ओढलं की वाळल्यावर तोच आकार धरून ठेवतं. गदक्याला मात्र मऊ कातडं लागतं, कडक कातडं वेढ्यावर फुटतं. शिवण विचारून घ्या. इंचाला पाच-सहा टाके पुरेत. आठ-नऊ टाके दिसायला सुबक, पण भोकं इतकी जवळ येतात की कातडं टपालाच्या तिकिटासारखं रेघेवर फाटतं. दोरा नायलॉनचा, मेण लावलेला. रेक्झिनच्या जोडीपेक्षा कातड्याची जोडी जवळजवळ दुप्पट पैशांना पडते आणि चौपट टिकते, त्यामुळे इथे काटकसर करू नका.

विट्यांबद्दल थोडं. काठी पाच फुटी, फळाचं, म्हणजे पुढच्या पात्याचं, टोक बोथट, दोरी काठीच्या लांबीइतकी. फळ काठीवर बसवायची खोबण तीन इंच खोल आणि आरपार रिव्हेट, हे नीट आहे. विटा फेकून दोरीनं परत खेचायचा असतो, म्हणजे प्रत्येक फेकीत फळाला बाहेर काढणारा झटका बसतो. नुसतं ठोकून बसवलेलं फळ पहिल्याच दिवशी सुटतं. दोरी सुती द्यायला सांगा. नायलॉनची दोरी मनगटाला कापते आणि गाठ घसरते.

तलवारी. दोन्ही देखण्या आहेत, मराठा धाटणीच्या, पातं ३० इंच, मुठीला परज (हाताचं रक्षण करणारी आड), मनगटाकडे गादी (इथे गादी म्हणजे धातूची चकती), तिच्यावर मोगरा (बोंड). म्यानावर लाल मखमल. पण पातं स्टेनलेस स्टीलचं आहे, आणि हे विचारल्याशिवाय सांगितलं गेलं नाही. ३०४ जातीच्या स्टेनलेसला पाणी चढतच नाही, कितीही तापवून बुडवा. त्याला गंज लागत नाही म्हणून शोभेला ते बरं, पण तलवारीला तलवार लागली की त्यात खाच पडते, आणि जोरात लागली की ते वाकून राहतं. त्याहून महत्त्वाचं, मूठ. पात्याची शेपटी मुठीत फक्त दीड इंच आहे आणि आत रेझिन भरलं आहे.

इथे जुन्या तलवारींची एक गोष्ट माहीत असावी. आपल्याकडच्या जुन्या तलवारींतही शेपटी आखूडच असायची, मुठीत राळ किंवा लाख ओतून ती घट्ट करायचे. त्या काळी ते योग्य होतं, कारण राळ तापवून पातं बदलता यायचं, आणि फिरंगी पाती, म्हणजे युरोपातून आलेली सरळ पाती, इथल्या मुठींत बसवता यायची. पण राळ जुनी होते, ठिसूळ होते, आणि हातात घेऊन झटका दिला की पातं मुठीतून निसटतं. म्हणूनच घरातली पणजोबांची तलवार मिरवणुकीत फिरवू नये. आणि म्हणूनच सरावाच्या नव्या तलवारीत राळेचा किंवा रेझिनचा भरवसा धरू नये. शेपटी मुठीच्या टोकापर्यंत जावी आणि आरपार दोन रिव्हेट असावेत. पट्ट्यात ज्या कारागिराला हे इतकं नीट कळतं, त्यानं तलवारीत ते का केलं नाही, याचं कारण गिऱ्हाईक आहे. तलवार बहुतेक जण सत्काराला आणि भिंतीला घेतात. सरावासाठी हवी असं आधी स्पष्ट सांगितलंत, तर ईएन ४५ चं पातं आणि पूर्ण शेपटी करून द्यायची त्यांची तयारी आहे. वजन मग थोडं वाढतं.

मुठीचं मापही नेमकं द्या. बरेच जण हात मोठा म्हणून चार इंची मूठ मागतात. आपल्या तलवारीत परज आणि गादी यांच्यामध्ये चारही बोटं घट्ट बसावी लागतात. गादी मनगटाला टेकून हाताला एका कोनात अडवते, त्यामुळेच ओढून कापणारा वार साधतो. मूठ लांब केली की हात आत सरकतो, गादी मनगटावर आपटून निळं पाडते, आणि वार काठीसारखा पडतो. बहुतेक हातांना ३ ते ३ इंच दोन सूत पुरतं. पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून पाठवा, फोनवरचा आकडा चुकतो.

वाघनखांची प्रतिकृतीही ते करतात. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. ज्यांनी ती पाहिली, त्यांना प्रतिकृतीत काय बघायचं ते कळेल : नखं एका पट्टीवर रोवलेली हवीत आणि पट्टीच्या दोन टोकांना अंगठ्या. ओतीव कामात अंगठ्या एकाच मापाच्या येतात, तर्जनी आणि करंगळी एका मापाची नसते, म्हणून करंगळीकडची सैल होते. संग्रहात ठेवायची असेल तर हरकत नाही, हातात घालून काही करायचं नाही.

कायद्याचं दोन शब्दांत. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार, भाला, सुरा ही धारदार शस्त्रं त्यात येतात. लाठी येत नाही, कायद्याच्या व्याख्येतच ती वगळली आहे, तशी ज्यांचं खऱ्या शस्त्रात रूपांतर करताच येणार नाही अशी खेळणीही वगळली आहेत. बोथट पट्टा खेळणं ठरत नाही, हे ध्यानात ठेवा, कारण कड घासून धार काढता येते. म्हणून बिलावर ‘सरावासाठी, बोथट, धार नसलेलं’ असं नगानिशी लिहून घ्या. हे वर्कशॉप तसं लिहून देतं, ही त्यांची मोठी जमेची बाजू. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश लागू असतो तेव्हा सार्वजनिक ठिकाणी लाठीसुद्धा नेता येत नाही. शिवजयंती असो की गणपतीची मिरवणूक, परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात आधी द्या, हत्यारांची यादी जोडून, आणि ने-आण कापडात बांधून, कुलूपबंद पेटीतून करा. ऑर्डर देण्याआधीच ठाण्यात विचारून घेतलं तर पुढचा त्रास वाचतो.

घरात शंभर वर्षांपूर्वीचं हत्यार असेल तर वेगळा कायदा, १९७२ चा पुरावशेष कायदा. ते परदेशी नेता येत नाही, आणि त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. असं हत्यार या वर्कशॉपमध्ये, किंवा कुठल्याही वर्कशॉपमध्ये, ‘चकचकीत करून’ आणायला देऊ नका. एका बफिंगमध्ये मुठीवरची कोफ्तगिरी, म्हणजे पोलादात बसवलेली सोन्याची नक्षी, कायमची जाते आणि पात्यावरचं जौहर, म्हणजे पोलादातली लहरींची नक्षी, दिसेनाशी होते. गेलेलं सोनं परत येत नाही. मऊ फडकं, पातळ मशीन तेल, एवढंच त्याला द्यावं.

नव्या हत्यारांची निगा सोपी आहे, पण रोजची आहे. सराव संपला की पातं कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि मशीन तेलाचा हात फिरवायचा. खोबरेल नको : थंडीत गोठतं, एरवी चिकट होऊन धूळ धरतं. लिंबू कापायचा सराव असेल तर त्याच मिनिटाला पाण्यानं पुसून कोरडं करा, रस तासभर राहिला तरी पात्यावर करडे डाग उमटतात. म्यानात तलवार ठेवून विसरायचं नाही, कातडं आणि मखमल ओल धरतात. पातं वेगळं, म्यान वेगळं.

खंडेनवमीला पूजा झाल्यावर हळद-कुंकू आणि ओली फुलं पात्यावर दसऱ्यापर्यंत तशीच राहतात. ज्या जागी फूल होतं त्या जागी गंजाची फुली उठते, प्रत्येक तालमीत ती बघायला मिळते. पूजा मनापासून करा. हळद-कुंकू मुठीला आणि खोबळ्याला लावा, फूल परजेत खोवा, पात्याखाली कोरडं कापड अंथरा, आणि पूजेआधीच पात्यावर तेलाचा जाडसर हात द्या. दसऱ्याला सोनं लुटून आलात की लगेच पुसून घ्या.

कृष्णेकाठच्या तालमींसाठी आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत तळमजल्यावरचं सगळं गाळात गेलं. हत्यारं भिंतीवर उंच लावली तरी पुरेसं नाही, पाणी चढायला लागलं की लाठ्या राहू देऊन पट्टे आणि फरी-गदके आधी हलवा. गाळात गेलेला पट्टा वाचतो, पण गाळ आधारपट्टीखाली शिरलेला असतो. वरून पुसून तेल लावलं तर आत गंज चालूच राहतो आणि पुढच्या वर्षी पातं तोंडाशी तुटतं. रिव्हेट काढून, पट्ट्या सुट्या करून, गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून, तेल देऊन नवे रिव्हेट ठोकावे लागतात. हे काम वर्कशॉप करून देतं, बाहेरून आणलेल्या पट्ट्याचंही. गदके आणि गाद्या मात्र टाकूनच द्याव्या लागतात, ओल आतून कधी जात नाही.

ऑर्डर देताना एवढं ठरवून जा : प्रत्येकाच्या हाताची मापं, पोलादाची जात बिलावर, निमुळत्या आधारपट्ट्या, सुती बांधायच्या गाद्या, फरी-गदक्याला कातडं, आणि सुटे रिव्हेट किमान चोवीस. शिवजयंतीच्या आधी दोन महिने आणि दसऱ्याच्या आधी दोन महिने तिथे गर्दी असते आणि घाईत भोकं चुकतात. मार्च संपता संपता ऑर्डर द्या. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत माल हातात येतो, आणि कारागिराकडे प्रत्येक जोड तुमच्यासमोर खोलून दाखवायला वेळ असतो. तो दाखवायला सांगा, ते दाखवतात.